‘दोन किहोते’ची जुनी संग्राह्य प्रत: पारखावी कशी, घ्यावी कशी, जपावी कशी

स्पॅनिश लेखक मिगेल दे सर्व्हांतेस यांच्या ‘दोन किहोते’चा (इंग्रजी वळणाने ‘डॉन क्विक्झोट’) पहिला भाग १६०५ मध्ये निघाला आणि दुसरा १६१५ मध्ये. दोन्ही माद्रिदचे, दोन्हींवर हुआन दे ला क्वेस्ता या मुद्रकाचे नाव. तेव्हापासून ही कादंबरी सतत छापली जाते आहे आणि दर पिढीत कोणी ना कोणी तिला नव्याने सजवले आहे. त्यामुळे ‘जुनी संग्राह्य प्रत’ या एकाच नावाखाली अडीचशे वर्षांपूर्वीची राजेशाही आवृत्ती विकायला येते, आणि गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या वर्गणीदारांना टपालाने घरपोच गेलेली चामडी प्रतही येते. जाहिरातीतले शब्द दोन्हींना सारखेच: दुर्मीळ, अस्सल चामडे, सोनेरी कडा. एवढ्यावरून हातात काय पडणार ते कळत नाही.

या कादंबरीची एक तरी देखणी जुनी प्रत आपल्या घरात असावी असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पुस्तक पाहण्याचा क्रम असा ठेवा: आधी मजकूर, मग चित्रे, मग पाने पूर्ण आहेत का, मग अवस्था आणि सगळ्यात शेवटी किंमत. बहुतेक लोक किंमत आणि चामडे बघून सुरुवात करतात आणि अर्धवट पुस्तक घरी आणतात.

पायरी १: कोणत्या काळातली प्रत हवी ते ठरवा

१६०५ च्या मूळ आवृत्तीच्या ज्या थोड्या प्रती उरल्या आहेत, त्या मुख्यतः मोठ्या ग्रंथालयांत आहेत. ती विकत घेण्याचा प्रश्न नाही, पण तिची ओळख हवी, कारण तिच्या हुबेहूब प्रतिकृती बाजारात फिरतात. बार्सेलोनात लोपेस फाब्रा यांनी १८७० च्या दशकात छायाचित्रण तंत्राने अशी प्रतिकृती काढली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या हिस्पॅनिक सोसायटीने काढली आणि नंतरही अनेक निघाल्या. शीर्षकपानावर हातावर बसलेला ससाणा आणि भोवती ‘अंधारानंतर प्रकाशाची आशा करतो’ अशा अर्थाचे लॅटिन वचन दिसले, की घरातल्या जुन्या कपाटात खजिना सापडला असे वाटू लागते. अशा वेळी पान उजेडासमोर धरा. हातकागदावर साच्याच्या तारांच्या समांतर रेषा दिसतात. बोट फिरवा. शिशाच्या खिळ्यांनी छापलेले अक्षर कागदात किंचित रुतलेले असते. प्रतिकृतीचा पृष्ठभाग सपाट लागतो, आणि पानावर दिसणारा डाग मागच्या बाजूला उतरलेलाच नसतो, कारण तो डागही छापलेला असतो. प्रतिकृती म्हणूनही ती चांगली वस्तू आहे. प्रतिकृतीच्याच भावात घ्यावी.

इथे एक गंमतीची खूण सांगायला हवी. पहिल्या छपाईत नायकाचा सेवक सांचो याचे गाढव काही कारण न सांगता नाहीसे होते आणि पुढे तसेच परत येते. त्याच वर्षी माद्रिदलाच निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत चोरीचा प्रसंग घालण्यात आला, आणि शीर्षकपानावर कास्तील, आरागॉन व पोर्तुगाल अशा तिन्ही राज्यांच्या छपाई-हक्काचा उल्लेख आला. अभ्यासक या दोन आवृत्त्या अशा खुणांवरून वेगळ्या करतात. पहिल्या आवृत्तीची सरकारने ठरवलेली किंमतही पुस्तकातच छापलेली आहे: ८३ ताव, दर तावाला साडेतीन मारावेदी (तेव्हाचे स्पॅनिश नाणे), एकूण २९० मारावेदी आणि वर अर्धा. ही किंमत बिनबांधणीच्या कागदांची. बांधणी ज्याची त्याने करून घ्यायची. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आधीच्या पुस्तकाबाबत विक्रेता ‘प्रकाशकाची मूळ बांधणी’ म्हणाला, तर तिथेच थांबून प्रश्न विचारा. प्रकाशकाने सगळ्या प्रती एकसारख्या कापडात बांधून विकण्याची रीत एकोणिसाव्या शतकात रुळली.

अठराव्या शतकातल्या दोन आवृत्त्या सर्वांत मानाच्या. पहिली १७३८ ची, लंडनच्या टॉन्सन यांनी स्पॅनिशमध्ये काढलेली, चार खंडांत. तिच्यामागे लॉर्ड कार्टरेट होते, चित्रे जॉन व्हँडरबँक यांची आणि सर्व्हांतेस यांचे चरित्र ग्रेगोरिओ मायान्स यांचे. तिच्यात लेखकाची तसबीर आहे, पण ती लेखकाने आपल्या दुसऱ्या एका पुस्तकाच्या, कथासंग्रहाच्या, प्रस्तावनेत केलेल्या स्वतःच्या वर्णनावरून विल्यम केंट यांनी कल्पनेने काढली. दुसरी १७८० ची, स्पेनच्या शाही भाषा अकादमीसाठी होआकीन इबारा यांनी माद्रिदला छापलेली, तीही चार खंडांत. कागद खास बनवून घेतलेला आणि अक्षरांचे खिळेही नवे. छपाई इतकी स्वच्छ की आजही पाहत राहावेसे वाटते. नायकाच्या प्रवासाचा तोमास लोपेस यांनी केलेला नकाशा तिच्यात आहे. नकाशे काढून, चौकटीत घालून वेगळे विकण्याचा उद्योग जगभर चालतो, त्यामुळे चार खंड समोर आले की आधी नकाशा शोधा.

सामान्य संग्राहकाचा खरा प्रांत १८६३ पासून सुरू होतो. त्या वर्षी पॅरिसच्या आशेत या प्रकाशनसंस्थेने लुई व्हियार्दो यांच्या फ्रेंच भाषांतरासह दोन मोठ्या खंडांत ‘दोन किहोते’ काढली. चित्रे गुस्ताव दोरे यांची, लाकडावर कोरली पिझाँ यांनी. पूर्ण पानाची सुमारे १२० आणि मजकुरात गुंफलेली अडीचशेहून अधिक. दोरे त्याआधी बॅरन दाव्हिलिए यांच्याबरोबर स्पेन हिंडून आले होते, आणि तिथले उजाड माळ, खानावळी, भिकारी, ढगांनी भरलेले आभाळ या चित्रांत उतरले आहे. उंच सडपातळ नायक आणि गोल बुटका सांचो ही जोडी आज आपल्या डोळ्यांसमोर येते, तिला मोठ्या अंशी याच चित्रांनी घडवले. लंडनच्या कॅसल कंपनीने याच चित्रांची इंग्रजी आवृत्ती काढली आणि ती अनेक दशके पुन्हा पुन्हा छापली. स्पॅनिशमध्ये हवी असेल, तर बार्सेलोनाच्या मोंतानेर इ सिमोन यांची १८८० च्या सुमाराची भव्य आवृत्ती पाहा. तिची चित्रे बालाका आणि पेयिसेर यांची आहेत.

विसाव्या शतकात संग्राहकांसाठीच छापण्याचा वेगळा व्यवसाय उभा राहिला. जॉर्ज मेसी यांनी १९२९ मध्ये लिमिटेड एडिशन्स क्लब सुरू केला. त्यांची १९३३ ची ‘दोन किहोते’ बार्सेलोनात छापली गेली, चित्रे रिकार्ट या कातालान चित्रकाराची. या क्लबच्या पुस्तकांची छपाई साधारण १५०० प्रतींची असे, आणि शेवटच्या पानावर हाताने घातलेला प्रत-क्रमांक व बहुधा चित्रकाराची सही असते. मेसी यांचेच धाकटे प्रकाशन म्हणजे हेरिटेज प्रेस. त्यांची १९५० ची, एडी लग्राँ यांच्या चित्रांची आवृत्ती पुष्कळ छापली गेली, म्हणून स्वस्तात मिळते. पहिल्यांदा घेणाऱ्याला मी हीच सुचवतो. साल्वादोर दाली यांच्या चित्रांची रँडम हाउसची १९४६ ची आवृत्ती दिसायला मोहक आहे, पण तिच्यात कादंबरीचा पहिला भागच आहे. हे जाहिरातीत बहुधा लिहिलेले नसते.

मग वर्गणीदारांना टपालाने पुस्तके पाठवणाऱ्या ईस्टन प्रेस आणि फ्रँकलिन लायब्ररी या अमेरिकी प्रकाशनसंस्था. ‘कलेक्टर्स एडिशन’ हे शब्द आज ज्या पुस्तकांना चिकटले आहेत, ती मुख्यतः ही. चामडी बांधणी, तिन्ही कडांना सोनेरी वर्ख, रेशमी फीत, आत लहरदार रेशमी अस्तर. टिकाऊ आहेत, वाचायला छान आहेत, पण दुर्मीळ नाहीत. फ्रँकलिनची एक मेख लक्षात ठेवा: तीच पुस्तके पूर्ण चामडे, फक्त कण्याला चामडे आणि नकली चामडे अशा तीन प्रकारांत निघत. विक्रेता तिन्हींना ‘लेदर’ म्हणतो. कण्याचा आणि पुठ्ठ्याचा जवळून फोटो मागवल्याशिवाय पैसे देऊ नका.

आपल्या पुण्याशी थेट नाते असलेली एक आवृत्तीही आहे, आणि मराठी संग्राहकाच्या कपाटात ती असायलाच हवी असे मला वाटते. बॉस्टनचे उद्योजक कार्ल टिल्डन केलर यांना जगातल्या सगळ्या भाषांतली ‘दोन किहोते’ जमवायची होती. संस्कृतात ती नव्हती, म्हणून त्यांनी संशोधक ऑरेल स्टाइन यांच्यामार्फत काश्मीरचे पंडित नित्यानंद शास्त्री आणि जगद्धर झाडू यांच्याकडून १९३० च्या दशकात पहिल्या भागातल्या आठ प्रकरणांचे भाषांतर करून घेतले. आधार होता जार्व्हिस यांचा अठराव्या शतकातला इंग्रजी मजकूर. हस्तलिखित हार्वर्डच्या ग्रंथालयात पडून राहिले. ते ड्रागोमिर दिमित्रोव्ह यांनी संपादित केले आणि २०१९ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पाली विभागाच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. एका संग्राहकाच्या हट्टातून जन्मलेले हे पुस्तक जुने नसले, तरी संग्राह्य नक्कीच आहे.

पायरी २: मजकूर तपासा

सजावट कितीही असो, आत कादंबरी पूर्ण आहे का? पहिल्या भागात ५२ प्रकरणे असतात आणि दुसऱ्यात ७४. अनुक्रमणिकेचा फोटो मागवा आणि मोजा. आकडा कमी आला तर पुस्तक संक्षिप्त आहे किंवा एकच भाग आहे. आकडा बरोबर असूनही आत कात्री लागलेली असू शकते, म्हणून पहिल्या भागाचे ३३ वे प्रकरण उघडा. तिथे फ्लॉरेन्स शहरातल्या आन्सेल्मो आणि लोतारिओ या दोन मित्रांची स्वतंत्र गोष्ट सुरू होते आणि ३५ व्या प्रकरणापर्यंत चालते. संक्षेप करणारे लोक बहुधा सगळ्यात आधी हीच गोष्ट उडवतात.

भाषांतर कोणाचे, हेही पाहा. शेल्टन यांचे १६१२ चे भाषांतर सर्वांत जुने इंग्रजी, भाषा आज जड वाटते. मॉट्यू यांचे खेळकर आहे, पण मुळाशी सैल. जार्व्हिस १७४२ चे, स्मॉलेट १७५५ चे. ऑर्म्सबी यांचे १८८५ चे भाषांतर मुळाशी प्रामाणिक आहे आणि १९३३ व १९५० या दोन्ही आवृत्त्यांत तेच वापरले आहे, हे त्या आवृत्त्या घ्यायचे आणखी एक कारण. भाषांतरकाराचे नावच नसलेली ‘डिलक्स’ प्रत मी घेणार नाही.

शोधताना स्पेलिंग बदलून पाहा. जुन्या पुस्तकांवर आणि इंग्रजीत नायकाचे नाव ‘एक्स’ने लिहितात, आधुनिक स्पॅनिशमध्ये ‘जे’ने, फ्रेंचमध्ये तिसऱ्याच पद्धतीने. एकाच शब्दाने शोधले तर निम्मा बाजार दिसत नाही.

पायरी ३: साल काढा

सालाचा आकडा बहुधा शीर्षकपानाच्या तळाशी असतो, पुष्कळदा रोमन अंकांत. एम म्हणजे १०००, डी ५००, सी १००, एल ५०, एक्स १०, व्ही ५, आय १. बेरीज करत जा. लहान किमतीचे अक्षर मोठ्या किमतीच्या अक्षराआधी आले तर वजा करा.

कॅसलच्या दोरे आवृत्तीत मात्र सालच नसते, आणि विक्रेते बिनदिक्कत १८६० चे दशक लिहून मोकळे होतात. इथे प्रकाशकाचे नाव मदतीला येते. ‘कॅसल, पेटर अँड गॅल्पिन’ असेल तर प्रत जुनी. ‘कॅसल, पेटर, गॅल्पिन अँड कंपनी’ असेल तर १८७० च्या दशकाच्या अखेरीनंतरची. नुसते ‘कॅसल अँड कंपनी लिमिटेड’ असेल तर १८८३ किंवा त्यानंतरची. पुढच्या कोऱ्या पानावर भेट दिल्याची तारीख किंवा शाळेच्या बक्षिसाची चिठ्ठी असेल, तर पुस्तक त्या तारखेच्या आधी छापले गेले एवढे नक्की होते. अशी चिठ्ठी कधीही काढू नका. पुस्तकाचा तोच दाखला असतो.

प्रत ताडून पाहायला आज घरबसल्या साधने आहेत. स्पेनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुन्या आवृत्त्यांची पाने ऑनलाइन ठेवली आहेत. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या सर्व्हांतेस प्रकल्पात सचित्र आवृत्त्यांतली चित्रे आवृत्तीवार पाहता येतात. आपल्या प्रतीतले चित्र त्या शेजारी ठेवून पाहिले की पुष्कळ शंका मिटतात.

पायरी ४: पाने आणि चित्रे मोजा

हे काम कंटाळवाणे आहे आणि याला पर्याय नाही. जुन्या पुस्तकात प्रत्येक फर्म्याच्या (एकत्र घडी घालून शिवलेल्या पानांच्या गठ्ठ्याच्या) पहिल्या पानाखाली बारीक अक्षर किंवा आकडा असतो. ती अक्षरे ओळीने येतात का ते बघत शेवटपर्यंत जा. हातखिळ्यांच्या काळातल्या पुस्तकांत पानाच्या तळाशी उजवीकडे पुढच्या पानाचा पहिला शब्द छापलेला असतो. तो पुढच्या पानाशी जुळला नाही तर मधले पान गेले आहे.

पूर्ण पानाची चित्रे वेगळी छापून मजकुरात घातलेली असतात, म्हणून पृष्ठांक बरोबर असूनही चित्र गायब असू शकते. चित्रांची यादी पुस्तकातच असते. ती समोर ठेवून एकेक खूण करा. दोरे यांची चित्रे फ्रेम करून विकणारे लोक ब्लेडने पान कापतात, तेव्हा शिवणीजवळ कागदाची पातळ पट्टी उरते. पुस्तक पूर्ण उघडून त्या फटीत नीट बघा. दोन खंडांची बांधणी एकसारखी आहे का, दोन्ही खंड एकाच छपाईचे आहेत का, हेही बघा. वेगवेगळ्या घरांतले दोन खंड एकत्र करून ‘संच’ म्हणून विकणे सर्रास चालते.

चित्रांची छपाई स्वतंत्रपणे पारखा. लाकडी ठोकळ्यांवरून धातूचे साचे करून वर्षानुवर्षे छापत राहिल्याने उशिराच्या छपाईत बारीक रेषा भरून जातात. पवनचक्क्यांचे किंवा रात्रीच्या प्रसंगाचे चित्र घ्या. सावलीतल्या रेषा सुट्या दिसतात का? काळा रंग खोल आहे की राखाडी चिखल झाला आहे? सुरुवातीच्या छपाईत आभाळातला फिकट भाग स्वच्छ राहतो. अठराव्या शतकातली चित्रे मात्र तांब्याच्या पत्र्यावरची असतात. त्यांच्याभोवती पत्र्याच्या दाबाची आयताकृती खोलगट चौकट बोटाला लागली पाहिजे.

पायरी ५: अवस्था बघा

जितके जुने तितके खराब, हा समज इथे उपयोगाचा नाही. चिंध्यांपासून केलेला १७८० चा कागद आजही पांढरा आणि लवचीक असतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्याचा, तुरटी घातलेला आम्लयुक्त कागद आला. तो पिवळा पडतो आणि कोपरा दुमडला की मोडतो. म्हणून १८८० च्या पुस्तकाचे एक पान हलकेच वाकवून पाहा. चुरचुर आवाज आला तर ते पुस्तक वाचण्याच्या कामाचे नाही.

तपकिरी ठिपके बहुतेक जुन्या पुस्तकांत असतात. मजकुरात थोडे असले तर चालतात, चित्रांच्या चेहऱ्यांवर असले तर किंमत उतरवा. राखाडी, हिरवट, मऊसर थर म्हणजे बुरशी. कुबट वासाचे पुस्तक आपल्या हवेत आणूच नका. कसरीने कुरतडलेला पृष्ठभाग आणि किड्याने पाडलेली आरपार भोके वेगळी ओळखा. जुनी, कोरडी भोके चालतील, पण भोकाजवळ ताजी भुकटी असेल तर आत किडा जिवंत आहे.

चामड्याच्या कण्यावरून बोट फिरवल्यावर बोटाला तांबूस भुकटी लागली तर ते चामडे कुजू लागले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या चामड्याला हा रोग फार. त्याचा वेग कमी करता येतो, तो उलटवता येत नाही. मोठ्या दोरे खंडांत सगळे वजन शिवणीवर येते, त्यामुळे पुठ्ठा आणि कणा यांच्या सांध्यावर चीर गेली आहे का ते मुद्दाम पाहा. पेटी किंवा वेष्टन मूळचे असेल तर भाव वाढतो. हेरिटेज प्रेसच्या पुस्तकात ‘सँडग्लास’ नावाचे माहितीपत्रक घातलेले असे. ते जाग्यावर असेल तर आधीच्या मालकाने पुस्तक जपले होते असे समजायला हरकत नाही.

पायरी ६: खरेदी

मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर किंवा कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवर पुस्तक हाताळून घेता येते, आणि त्यासारखे सुख नाही. ऑनलाइन घेताना मात्र हे फोटो मागा: शीर्षकपान, त्याची मागची बाजू, शेवटचे पान, कणा, दोन्ही सांधे, आतले अस्तर, अनुक्रमणिका, चित्रांची यादी आणि सर्वांत खराब पान. शेवटची मागणी प्रामाणिक विक्रेता आनंदाने पुरी करतो. ‘पाने व चित्रे मोजून पूर्ण’ असे त्याच्याकडून लेखी घ्या, आणि तसे न निघाल्यास पुस्तक परत घेण्याची कबुलीही.

सोय म्हणून एकच फोटो टाकणाऱ्याशी घासाघीस करण्यात वेळ घालवू नका. तीच आवृत्ती याआधी प्रत्यक्षात कितीला विकली गेली ते पाहा. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत पुष्कळ अंतर असते.

स्पेनमधून मागवत असाल तर एक कायदा ध्यानात ठेवा. तिथल्या १९८५ च्या वारसा कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी सांस्कृतिक वस्तू देशाबाहेर पाठवायला परवाना लागतो. मोंतानेर इ सिमोन यांचे खंड त्यात बसतात. परवाना काढणे विक्रेत्याचे काम, पण तो काढणार आहे का हे पैसे देण्याआधी विचारा. भारतात छापील पुस्तकांच्या आयातीवर २०१९ च्या अर्थसंकल्पात ५ टक्के सीमाशुल्क लावले गेले. दर बदलत असतात, म्हणून मागवताना चालू दर पाहा आणि कुरिअरचे हाताळणी शुल्कही धरा. किंमत कमी दाखवून पार्सल मागवू नका. वाटेत हरवले तर विमाही तेवढ्याचाच मिळेल.

पायरी ७: घरी आल्यावर आणि पावसाळ्यात

नवे आलेले जुने पुस्तक लगेच इतरांत मिसळू नका. पांढऱ्या कागदावर, पारदर्शक पिशवीत दोन-तीन आठवडे वेगळे ठेवा आणि अधूनमधून बघा. खाली ताजी भुकटी पडली तर कीड आहे. संग्रहालयांत अशी पुस्तके हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशांच्या आसपास आठवडाभर गोठवतात आणि पिशवी न उघडता सावकाश सामान्य तापमानाला आणतात. घरच्या फ्रिजवर हा प्रयोग करण्याआधी, विशेषतः चामडी प्रतीसाठी, जाणकाराला विचारा.

मुंबई, कोकण आणि गोव्यात खरा शत्रू म्हणजे ओल. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकून राहिली की बुरशी धरते, आणि आपल्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर ती त्याहून वरच असते. एक साधा आर्द्रतामापक कपाटात ठेवा. आकडा ४५ ते ५५ च्या दरम्यान राहिला तर उत्तम. कपाट बाहेरच्या भिंतीला लावू नका, मध्ये चार बोटे जागा सोडा. सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा आणि रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा. कोरड्या दिवशी कपाट उघडून पंखा लावा, पुस्तके उन्हात घालू नका. प्लास्टिकमध्ये कायमचे गुंडाळणे सगळ्यात वाईट, आतली ओल आतच राहते. डांबराच्या गोळ्यांऐवजी आपल्याकडे पोथ्यांच्या दप्तरात ठेवतात तशी वेखंडाची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा, पानांत मात्र नको.

दोरे यांचे मोठे खंड उभे ठेवले की पानांचा गठ्ठा स्वतःच्या वजनाने खाली ओढला जातो आणि शिवण सुटते. ते आडवे ठेवा, एकावर एक दोनच. वाचताना दोन्ही बाजूंना गुंडाळलेले टॉवेल ठेवून पुस्तक १२० अंशांपेक्षा जास्त उघडू नका. हात साबणाने धुऊन कोरडे करा. सुती हातमोज्यांनी बोटांना पानाचा अंदाज येत नाही आणि पान फाटते.

पायरी ८: दुरुस्ती

सुटे पान चिकटपट्टीने चिकटवू नका, फेव्हिकॉलनेही नको. दोन्ही पुढे काढता येत नाहीत. चामड्याला तेल, व्हॅसलीन, बुटाचे पॉलिश काही लावू नका. नेहमीच्या बाइंडरकडे पुस्तक देण्याआधी दहादा विचार करा. त्याचे काम शाळा-कचेरीच्या पुस्तकांसाठी चोख असते, पण तो मशीनवर तिन्ही कडा कापतो, बाजूने टाके घालतो आणि खळीत मोरचूद मिसळतो. कापलेली कड म्हणजे गेलेला सोनेरी वर्ख, आणि मोरचूद जुन्या कागदाला हळूहळू खाते. गव्हाच्या शुद्ध स्टार्चची खळ आणि जपानी पातळ कागद, इतकेच साहित्य फाटलेल्या पानाला पुरते, तेही सरावलेल्या हाताने. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेचीही केंद्रे आहेत. मौल्यवान प्रतीसाठी तिथे विचारणा करा. तोवर सुट्या पुठ्ठ्याला सुती नाडीने सैल बांधून ठेवले तरी पुरे.

पायरी ९: प्रतीची नोंद

प्रत्येक प्रतीसाठी एक वेगळा कागद करा: आवृत्ती, साल, भाषांतरकार, चित्रकार, पानांची व चित्रांची मोजणी, काय कमी आहे, कुठून घेतले, कितीला. पावती आणि विक्रेत्याची लेखी हमी त्याला जोडा. पुस्तकात स्वतःचे नाव घालायचेच असेल तर मऊ पेन्सिलीने, शेवटच्या कोऱ्या पानावर.

हा कागद परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाला विशेष उपयोगी पडतो. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने १०० वर्षांहून जुन्या वस्तू, आणि विशिष्ट दस्तऐवजांच्या बाबतीत ७५ वर्षांहून जुने, देशाबाहेर नेण्यावर बंधने आहेत. आजोबांच्या कपाटातली कॅसलची प्रत पुण्याहून न्यू जर्सीला न्यायची असेल, तर तिकीट काढण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारा आणि जे लेखी मिळेल त्याची एक प्रत याच नोंदीत लावून ठेवा.